टीव्ही विकला, कॉम्प्युटर विकला

नवऱ्याने टीव्ही आणि माझा कॉम्प्युटर विकून एकच अगडबंब लॅपटॉप आणला. वायर काढली की तो मान टाकतो, म्हणून बाहेरच्या खोलीतच ठाण मांडून असतो.

आज पाचपर्यंत गिऱ्हाइकाला घराचा नकाशा पाठवायचा होता. मी लॅपटॉपवर त्यातला जिना काढत होते, तर सासरे मागे उभे.

"सूनबाई, शेवटची ओव्हर आहे गं."

"बाबा, माझीपण!"

"तुझा जिना कुठे पळून जातोय?"

रागाच्या भरात मी वायर उपटली, ते धूड पोटाशी धरून आत निघाले. दारातच स्क्रीन काळी. नकाशा सेव्ह केलाच नव्हता.

बाबांनी धावत येऊन वायर जोडली. स्क्रीन म्हणाली: अपडेट सुरू आहे, कृपया थांबा.

फोन वाजला. गिऱ्हाईक.

"दे इकडे," बाबा म्हणाले, "सांगतो, म्हाताऱ्याने घोळ घातला."

"घातलाच की!" म्हणत मी फोन त्यांच्या हातात कोंबला.