बेचाळीस बायकांची यादी

झुलेखाला टीबी झाला होता, तो सहा वर्षांपूर्वी. औषधं पुरी झाली, बरी झाल्याचा कागद मिळाला. काळेवाडीत नवरा आरिफ सोडून ते कुणालाच माहीत नव्हतं. कुरुळीच्या ज्या कंपनीत ती वायरिंगच्या लाइनवर कामाला होती, तिथं तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आधीचे आजार विचारले, म्हणून तिनं खरं सांगितलं.

चार दिवसांनी सुपरवायझर सयाजीनं शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अख्खी यादी टाकली. बेचाळीस बायकांची नावं, मोबाइल नंबर आणि शेवटच्या रकान्यात कुणाला काय झालं होतं ते.

"चुकून गेली ताई. लगेच डिलीट केली," सयाजी म्हणाला. पण तोवर ती गल्लीत पोचली होती. शेजारणीनं आपल्या मुलीला झुलेखाकडे शिकवणीला पाठवणं बंद केलं.

कंपनी म्हणाली, तपासणी बाहेरच्या एजन्सीची. एजन्सी म्हणाली, यादी कंपनीला दिली, पुढचं आम्हाला माहीत नाही. मग झुलेखा पोलीस ठाण्यात गेली.

"मोबाइलवरचं आहे ना? सायबरला जा," हवालदार म्हणाले. यादीची झेरॉक्स मात्र ठेवून घेतली.

सायबर शाखेत पहिला प्रश्न, "खात्यातून पैसे गेले का?"

"नाही."

"मग आमच्याकडे कशाला? आजाराची माहिती आहे, आरोग्य खात्यात जा." आणखी एक झेरॉक्स गेली.

आरोग्य खातं म्हणालं, खासगी तपासणी, आमचा संबंध नाही. कामगार कार्यालयातले साहेब म्हणाले, "आम्ही पगार, ओव्हरटाइम बघतो. माहिती फुटली तर दिल्लीत मंडळ झालंय म्हणे. ऑनलाइन टाका." प्रत्येक ठिकाणी एक झेरॉक्स आणि अर्ध्या दिवसाची रजा.

तिनं ऑनलाइन तक्रारही टाकली. नऊ दिवसांनी मेसेज आला: तक्रार संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग.

म्हणजे पुन्हा पहिल्याच ठाण्यात. या वेळी लाइनवरची तानाबाई सोबत आली. ती कुरुळीचीच, आणि यादीत तिचंही नाव होतं.

बाकड्यावर सात-आठ माणसं बसली होती. शिपाई आतून ओरडला, "ती टीबीवाली यादी कुणाची?"

सगळ्यांच्या माना वळल्या. झुलेखा ताडकन उठली आणि थेट आत गेली.

"साहेब, लोकांना कळलं म्हणून तक्रार केली, तर तुम्हीच ओरडून सांगताय! पाच ठिकाणी ही यादी दिली. कुणी वाचली नाही असं झालं नाही, आणि कुणी तक्रार घेतली असंही झालं नाही."

"माझं पिशवीचं आपरेशन झालं ते जावयालाबी ठावं झालंय," तानाबाई म्हणाली. "आता कुणाच्या तोंडाकडं बघू?"

अधिकारी भीमराज यांनी सायबर शाखेला फोन लावला. दहा मिनिटं दोघं एकमेकांना तुमचंच काम, तुमचंच काम असं सांगत राहिले. शेवटी त्यांनी फोन ठेवला. "बघा ताई, हे आमच्या अखत्यारीत येत नाही."

"ठीक आहे," झुलेखानं कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "एवढंच लिहून द्या. खाली सही आणि शिक्का."

भीमराज कागदाकडे बघत बसले. पेन उचललं, परत ठेवलं. शिपायाला हाक मारून म्हणाले, "अर्ज घे यांचा. दोघींचाही."

"आणि आमची आधीची झेरॉक्स परत द्या," झुलेखा म्हणाली. "या अर्जाला आमची दोन नावं पुरेत. बाकी चाळीस जणींचा आजार तुमच्या टेबलावर कशाला?"

ती शोधायला पाऊण तास लागला. सापडली तेव्हा तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

बाहेर आरिफ गाडी लावून उभा होता. "झालं काम?"

"तक्रारीचा नंबर मिळाला."

"म्हणजे तपास होणार?"

"होणार म्हणतात," झुलेखा मागं बसत म्हणाली. "कोण करणार, ते विचारायला सोमवारी बोलावलंय."