डक्टमधली एकोणिसावी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे, पण माझी गोष्ट मी कडेपासून सांगणार नाही. आम्हाला मधल्या भोकाशेजारून वाचायला सुरुवात करतात आणि वाचत वाचत कडेकडे जातात. तुम्हीही तसेच या, आतून बाहेर. वाटेत माझ्यावर ओरखडे आहेत. तिथे मी अडखळले तर उठून जाऊ नका.

आतलं वर्तुळ

२००६ सालापर्यंत मी कोरी होते. मग मालाडच्या इसिडोर नावाच्या शूटिंगवाल्याने मला मशीनमध्ये सरकवलं. सुईहून बारीक लाल प्रकाश माझ्या पोटावर फिरू लागला आणि जिथे लागला तिथे ठिपके पडले. ते ठिपके म्हणजेच माझी आठवण. त्या दिवशी माझ्यावर भांडुपच्या एका घरातला समारंभ उतरला. वर मार्करने लिहिलं गेलं: देवेश, नामकरण.

देवेश तेव्हा पाळण्यात होता. पाळण्याशी त्याची आजी, सुंदराबाई, गात होती. पाळणा तिने स्वतः रचलेला, पाच कडव्यांचा. पाचव्या कडव्यात बाळाचं नाव यायचं आणि ते ऐकूनच सगळ्यांना नाव कळायचं. हाच पाळणा तिने देवेशच्या मोठ्या बहिणीला, संघमित्राला, गायला होता. कागदावर तो कुठेच नव्हता, कारण सुंदराबाईला लिहिता येत नव्हतं.

कामाची वर्षं

दर वर्षी देवेशच्या वाढदिवसाला मला प्लेअरमध्ये घालायचे. त्याआधी सुंदराबाई मला पदराने पुसायची. स्टीलचं ताट पुसावं तशी गोल गोल, जोर लावून, चकचकीत होईपर्यंत. मला फार छान वाटायचं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. मला छान वाटायचं.

एक नखाएवढं कार्ड

तीन वर्षांपूर्वी देवेशने अंधेरीच्या फुटपाथवरून एक मेमरी कार्ड आणलं. त्याच्यावर छापलं होतं ५१२ जीबी. माझ्यात मावतात जेमतेम साडेचार. म्हणजे माझ्यासारख्या शंभराहून जास्त जणी त्या नखाएवढ्या तुकड्यात!

आम्ही दोघं दुपारभर टेबलावर शेजारी होतो. मला त्याला किती विचारायचं होतं. तू फिरत नाहीस, मग तुला आठवतं कसं? तुझ्यावर प्रकाश पडत नाही, मग तुला वाचतात कसं? म्हणे त्याच्या पोटात अगणित बारीक खोल्या असतात आणि खोलीखोलीत विजेचा एवढासा कण कोंडलेला असतो. दार कोण लावतं? वीज गेली तरी तो कण आत कसा राहतो? कार्ड काही बोललं नाही. ते गप्प राहूनच काम करतं.

देवेशने घरातल्या एकतीस तबकड्या त्याच्यात उतरवल्या. मी एकोणिसावी. पडद्यावर एकतीस नावं दिसली आणि काम संपलं.

"आता ह्या तबकड्यांचं काय?" त्याने विचारलं.

"कबुतरांना लाव," संघमित्रा म्हणाली.

डक्ट

स्वयंपाकघराच्या खिडकीमागे इमारतीचा डक्ट आहे. तिथून पाइप जातात आणि तिथे कबुतरं राहतात. भोकातून सुतळी ओवून मला खिडकीच्या गजाला टांगलं. चार दिवस कबुतरं दचकली. पाचव्या दिवशी एक माझ्यावर येऊन बसलं.

डक्टमध्ये ऊन येत नाही. तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं. उन्हात टांगलं असतं तर माझे ठिपके उडून गेले असते, हे मला नंतर कळलं.

खिडकीतून घरातलं सगळं ऐकू यायचं. संघमित्राला मुलगी झाली. ती बाळंतपणाला इथेच होती. नामकरण रविवारी ठरलं आणि गुरुवारी मी हे ऐकलं:

"आजी, पाचवं कडवं म्हण ना गं."

"कुठलं पाचवं? चारच होती."

"पाच होती! पाचव्यात नाव यायचं. ते झाल्याशिवाय मी पोरीचं नाव ठेवणारच नाही."

"मग फिरव तिला बिननावाची. म्हातारीच्या का मागे लागतेस?"

पण त्या दुपारी कुणी नसताना सुंदराबाई ओट्याशी उभी राहून पुटपुटत होती. चौथं कडवं संपलं की थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सात वेळा मोजलं मी. मग ती ओटा पुसू लागली. ओटा कोरडाच होता.

"टेन्शन नको घेऊस," देवेश बहिणीला म्हणाला. "कार्डात आहे सगळं." त्याने लॅपटॉप उघडला. माझं नाव होतं. उघडलं तर आत काहीच नाही. विसावीतही नाही. पहिल्या सात तेवढ्या चालल्या.

"तीन वर्षांत एकदा तरी उघडून बघितलंस?"

"नावं दिसत होती ना, ताई!"

"नावं काय चाटायचीत?"

मग देवेशने खिडकीकडे पाहिलं.

सुतळीचा ओरखडा

त्याने सुतळी कापली आणि मला पिशवीत घालून मालाडला नेलं. इसिडोरचे केस पांढरे झाले होते. त्याने आधी कार्ड तपासलं.

"अरे बाबा, आकडा खोटा छापलाय ह्याच्यावर. खरं हे बत्तीस जीबीचं. भरलं की पुढे नाव लिहून घेतं, सामान घेत नाही."

बिचारं कार्ड! दुसऱ्याने त्याच्या कपाळावर आकडा छापला, त्यात त्याचा काय दोष? जेवढं मावलं तेवढं त्याने नीट सांभाळलं होतं.

मग इसिडोरने मला साबणाच्या पाण्याने धुतलं आणि मऊ कापडाने पुसलं. मधून कडेकडे, सरळ रेषेत.

"ही सुतळीची रेघ बघ. वाट आडवी कापून गेलीय. हिचं काही नाही, मशीन उडी मारतं. पण हे कडेचे गोल ओरखडे वाचायच्या वाटेवरच लांब पसरलेत. प्रेमाने पुसलंय कुणीतरी. प्रेमाने पार वाट लावलीय."

मित्रांनो, कबुतरांनी माझं काही बिघडवलं नव्हतं.

इसिडोरने तबकड्या वाचायचा आपला जुना ड्राइव्ह देवेशच्या हातात ठेवला. "घरी ने, सावकाश लाव. कडेपर्यंत पोचली तर तुझं नशीब."

गोल ओरखडा

शनिवारी सकाळी मी पुन्हा फिरू लागले. घरातले सगळे लॅपटॉपभोवती बसले, सुंदराबाई संघमित्राच्या लेकीला मांडीवर घेऊन. पडद्यावर ती एकोणीस वर्षांनी लहान होती. चार कडवी झकास झाली. मग पाचवं:

*पाचव्या दिवशी दारी गं गलका,*
*पाळणा हलवा हलका—*

चित्राचे चौकोन झाले. आवाज बंद. देवेशने दहा सेकंद मागे घेतलं.

*पाचव्या दिवशी दारी गं गलका,*
*पाळणा हलवा हलका—*

"पुसून बघते," सुंदराबाईने पदर पुढे केला.

"नको!" दोघं एकदम ओरडली.

"का रे? इतकी वर्षं मीच तर पुसत होते."

देवेशने पुन्हा मागे घेतलं.

*पाचव्या दिवशी दारी गं गलका,*
*पाळणा हलवा हलका—*

"आजी, राहू दे," संघमित्रा हळूच म्हणाली. "चारच म्हणू."

देवेशने शेवटचं एकदा मागे घेतलं.

*पाळणा हलवा हलका—*

"हलका हलका काय लावलंय मघापासून!" सुंदराबाई वैतागली. आणि गप्प झालेल्या पडद्याकडे बघत, बाळाला थोपटत, तिने ती ओळ पुढे ओढली:

*हलका हलका, हळूच बोला,*
*नाव सांगते माझ्या फुला.*
*कानात सांगते, जगाला सांगा,*
*— आली घरी, जागा गं जागा!*

नावाच्या जागी तिने नुसती टाळी वाजवली. नाव रविवारी.

संघमित्राने फोनवर रेकॉर्डिंग केव्हा सुरू केलं, तिलाच ठाऊक.

"आजी, तेव्हा हेच होतं का गं?" देवेशने विचारलं.

"मला काय माहीत? तुझ्या तबकडीला विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मलाही ते माहीत नाही. ते कडवं माझ्यावरच आहे, पण ओरखड्यांखाली, आणि तिथे प्रकाश पोचत नाही. तिला आठवलं की तिने तिथल्या तिथे नवं रचलं? मी अजून विचार करते.

कड

रविवारी टाळीच्या जागी नाव आलं: अबोली. बाळाने भोकाड पसरलं. "नाव अबोली आणि घसा बघा पोरीचा," सुंदराबाई म्हणाली. इसिडोरने समारंभ तपासून घेतलेल्या नव्या कार्डावर उतरवला आणि एक कोरी तबकडीही भरून दिली. देवेशने दोन्ही शेवटपर्यंत लावून पाहिली. जुन्या कार्डावरचं ५१२ खोडून त्याने मार्करने ३२ लिहिलं. आम्ही दोघं आता एकाच डब्यात असतो.

माझी एवढीच विनंती आहे. आम्हाला पुसाल तर मधून कडेकडे पुसा. काही साठवलंत तर कधीतरी उघडून बघा, नुसती नावं वाचू नका. आणि जिचं गाणं शोधताय ती समोरच बसलेली असेल, तर तिला अर्धी ओळ ऐकवा आणि थांबा.

ही माझी कड. इथून पुढे माझ्यावर काही लिहिलेलं नाही, नुसतं पारदर्शक प्लास्टिक आहे. पुढचं आजीला विचारा. ती आत पोरीला थोपटते आहे.