वाफेचं पाणी

दातो काकाची वाफेची विहीर त्याच्या आज्यानं रचलेली. जमिनीतून वाफ निघायची तिथं दगडांचा घुमट, वर ताडाच्या चटया. वाफ दगडांना लागून गार व्हायची आणि खालच्या खळग्यात थेंब थेंब पाणी साचायचं. कोरड्या महिन्यांत काका, हस्ना काकू आणि त्यांच्या सव्वीस शेळ्या त्याच पाण्यावर तगत.

त्या सप्टेंबरात आठवडाभर जमीन हादरत राहिली. मग दाबाहू डोंगराच्या पायथ्याशी ती फाटली आणि राखेनं भरदुपारी अंधार केला. आम्ही सगळे पळालो. चार दिवसांनी परतलो, तर विहिरीचे दगड थंडगार पडले होते.

पुढच्या महिन्यात इटलीहून दोनातो आला, जमिनीची मोजमापं घेणारा. मला त्याची भाषा येत होती, म्हणून मी दुभाष्या. त्यानं दोन्ही तळहात वाळूवर टेकवले आणि हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवले. दोन बाजूंची भूमी अशीच लांब जाते आहे, म्हणाला. मधल्या फटीत खालून वितळलेला खडक चढतो, आजूबाजूची जमीन खचत जाते. तांबडा समुद्र असाच उघडला. लाखो वर्षांनी इथंही समुद्र शिरेल.

"म्हणजे पाणी येणार तर," काका म्हणाला. "खारट का असेना, थांबतो मी तोवर."

सगळे हसले. मग आवाज खाली आणून तो मला म्हणाला, "माझी वाफ परत येईल का, तेवढं विचार त्याला."

दोनातोनं दगडांना हात लावून पाहिला, आसपासची भोकं तपासली. खालची धग फटीबरोबर दुसरीकडं सरकली आहे, म्हणाला. या विहिरीच्या भरवशावर राहू नका, लवकर निघा. काकू माझ्या तोंडाकडं बघत होती. मला सांगवेना.

"येईल म्हणतो," मी म्हणालो. "जरा वेळ लागेल."

बाकीची घरं झोपड्यांच्या चटया उंटांवर लादून अवाश नदीकडं निघून गेली. काका थांबला. तो थांबला म्हणून काकूही थांबली. मी दोनातोबरोबर शहरात आलो आणि खरं सांगायला पुन्हा गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत राहिलो.

दीड महिन्यानं एका उंटवाल्यानं खबर आणली. पखाली संपल्यावर दोघं अखेर निघाली होती. नदी एका दिवसाच्या वाटेवर राहिली असताना काकू गेली. काकानं तिथंच तिला पुरलं, वर दगड रचले. शेळ्या सात उरल्या.

वर्षानं दोनातो साखरेची पिशवी घेऊन माझ्याबरोबर नदीकाठी काकाला भेटायला आला. आमच्यात वाटेवरच्या अनोळखी माणसालाही आधी खबरबात विचारतात. काकानं तोंड फिरवलं.

"सांग त्याला," तो मला म्हणाला, "त्याच्या शब्दावर मी बायको घालवली."

काय म्हणतो, दोनातोनं विचारलं.

"बरं वाटत नाही म्हणतो," मी म्हणालो.

दोनातोनं मान हलवली, पिशवी दाराशी ठेवली आणि फटीजवळ रोवलेल्या आपल्या खुणा मोजायला निघून गेला. फट आणखी रुंदावली होती. काकानं सात शेळ्यांचं जे काही दूध निघालं होतं, त्याचं भांडं माझ्यापुढं सरकवलं. मी ते प्यायलो.