कंसातले नाव

मी एक जुना साचा आहे. विटांचा नव्हे की बटणांचाही नव्हे. गणिताच्या एका त्रैमासिकाचे लेख लाटेक नावाच्या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत जुळवले जातात. ते सगळे एकाच वेशात दिसावेत म्हणून संगणकात जी फाइल असते, ती मी. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, पण एकेकाळी माझ्यावाचून इथे पान हलत नव्हते.

कार्यालयातल्या जुळणीकार बाईंनी मला एकेक ओळ लिहून घडवले. समास, पानांचे आकडे सगळे त्यांनीच ठरवले, पण त्यांचा खरा जीव सिद्धतेच्या मथळ्यावर. प्रमेय सांगून झाले की खाली तिरप्या अक्षरांत 'सिद्धता' हा शब्द यायचा आणि सिद्धता संपली की उजवीकडे एक चिमुकला चौकोन. सिद्धता दुसऱ्या कुणाची असेल, तर लेखकाने ते नाव कंसात लिहायचे आणि मी ते मथळ्यात छापायचे. लेखक मंडळी म्हणायची, "बाईंचं काम म्हणजे विचारायलाच नको." मी मनातल्या मनात फुगायचो.

मग बाई निवृत्त झाल्या. नवे जुळणीकार आले. माणूस भला, पण टापटिपीचा भारी सोस. संपादकांनी मथळे ठळक करायला सांगितले, तर त्यांनी साचाच नवा केला. मी गेलो 'जुने' नावाच्या फोल्डरात. तीन वर्षे कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले.

एका दुपारी दोन बहिणी कार्यालयात आल्या. थोरली कॉलेजात गणित शिकवणारी, धाकटी कपडे शिवणारी. थोरलीचा लेख चार वाजता छपाईला जायचा होता. कापड वाया न घालवता कसे बेतावे, अशा धाटणीचे त्यात एक प्रमेय होते. त्याची सिद्धता थोरलीला दोन वर्षे सापडली नव्हती. धाकटीने ती कात्रीने तुकडे कापून, टेबलावर मांडून दाखवली होती. थोरलीने मथळ्याच्या कंसात बहिणीचे नाव आठवणीने लिहिले होते. छपाईआधी तपासायला काढलेल्या पानावर मात्र नुसतेच ठळक 'सिद्धता'.

"हिचं नाव कुठं गेलं?" थोरलीने विचारले.

मथळे एकसारखे दिसावेत म्हणून जुळणीकारांनी नव्या साच्यात तो एकच शब्द पक्का बसवला होता. कंसात काहीही लिहा, साचा ते मुकाट गिळायचा. संगणकही तक्रार करत नव्हता. तपासणाऱ्यांनी गणित तपासले, मथळा कोण तपासतो?

"राहू दे गं ताई," धाकटी म्हणाली. "मला कोण ओळखतंय तिथं?"

"म्हणूनच तर. आज हे असंच छापलं, तर सगळे माझंच समजतील. तुझ्या जिवावर मी जन्मभर मिरवू का?"

जुळणीकारांनी 'जुने' फोल्डर काढले. त्यांनी मला उघडले. बाईंचा मथळा शोधताना त्यांना त्याच्या डोक्यावरची टीप दिसली. अशी टीप कधी छापली जात नाही, साचा उघडणाऱ्यालाच ती दिसते. बाईंनी लिहिले होते, 'मथळा हवा तसा बदला. कंसातले नाव गाळू नका. ते कुणाचे तरी कष्ट आहेत.'

त्यांनी ती दोनदा वाचली. मग माझ्यातली ती सोय नव्या साच्यात उतरवून घेतली, अक्षरे ठळकच ठेवली आणि टीपही सोबत नेली. "तीन वर्षांत आणखी कुणाकुणाची नावं गेली, तेही बघतो," ते संपादकांना म्हणाले.

चारला दहा मिनिटे असताना पान निघाले. धाकटीने आपल्या नावावरून सुयांनी खरबरीत झालेले बोट फिरवले.

"आणि शेवटी हा चौकोन कशाला?"

"सिद्धता पुरी झाल्याची खूण."

"म्हणजे आम्ही दोऱ्याला गाठ मारतो, तशी." थोरलीने बहिणीचा हात नुसता धरून ठेवला.

मित्रांनो, मी पुन्हा 'जुने' फोल्डरातच आहे आणि सुखात आहे. आमच्या जागी नवे आणायला माझी मुळीच ना नाही. फक्त आम्हाला बाजूला सारण्याआधी एकदा उघडून वाचा. कुणाचे तरी नाव आम्ही पोटाशी धरून बसलेलो असतो.