जांभईचा देव

गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयात गुरुवारी चप्पल ठेवायला जागा उरत नसे. गंगापूरकडून जीप भरभरून माणसं येत. मधोमध गादीवर सांडू महाराज आणि समोर खुर्च्यांवर ओळीनं बसवलेले लकव्याचे रोगी.

महाराज डोळे मिटून भल्या मोठ्या जांभया देऊ लागत. अंगात येण्याआधी जांभया येतात, हे गावाकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. "वारं आलं, वारं आलं!" लोक ओरडत. मग एखादा रोगीही जांभई देई आणि त्याचा मेल्यासारखा लोंबणारा हात आपोआप छातीपर्यंत उचलला जाई. ज्यांचा उचलला जात नसे, त्यांच्याकडं कोण बघतो?

एका गुरुवारी ओळीतल्या तात्यासाहेबांचा हात उचलला गेला, तेव्हा त्यांची बायको आशाबाई ढसाढसा रडली. दिवाळीत त्यांना लकव्याचा झटका आला, तेव्हापासून अंघोळ, भरवणं, कूस बदलणं सारं तिच्या एकटीवर होतं. कंबर गेली, झोप गेली. आता आपण सुटलो, असं तिला वाटलं.

जांभई संपली आणि हात धप्पकन खाली पडला.

"देव येतोय, पण ठरत नाय," महाराज म्हणाले. "गोळ्यांनी वारं बाटतं, बंद करा. अन् सेवा करणारीच्या मनात कंटाळा हाय. तिनं तोंड वाकडं केलं, की देव माघारी फिरतो."

साऱ्या नातेवाइकांनी आशाबाईकडं वळून पाहिलं. "वैनी, जरा मन लावून करत जा," नणंद साळूबाई म्हणाली. ही झटक्यानंतर एकदाही मुक्कामाला थांबली नव्हती. चमत्कार बघायला मात्र जीपनं आली होती.

घरी आल्यावर दीर बन्सीनं रक्तदाबाच्या गोळ्या माळ्यावर टाकल्या. गोळ्या चुकल्या तर दुसरा झटका येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आशाबाई चादर बदलायला वळली. चादर बदलताना ती खरंच वैतागायची. दोष आपलाच असेल का, हा विचार तिला खात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मऊ भात भरवता भरवता तिला जबडा दुखेल एवढी जांभई आली. तिच्याकडं बघून तात्यासाहेबांनाही आली आणि त्यांचा हात वर उचलला गेला.

ना धूप, ना महाराज.

"अहो, उचला बरं हात." त्यांनी जीव खाऊन जोर लावला. बोटही हललं नाही. तिनं मुद्दाम जांभई दिली. त्यांना आली. हात वर!

तिनं आधी स्टूल ओढून गोळ्या काढल्या, एक त्यांना दिली आणि मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "काही रोग्यांत होतं असं," त्या म्हणाल्या. "हात मुद्दाम हलवायची मेंदूतली वाट बंद पडलेली असते. जांभईचा हुकूम वेगळ्या वाटेनं येतो, म्हणून तेवढ्यापुरता हात उचलला जातो. गोळ्या आणि व्यायाम सोडू नका. आणि आशाबाई, तुम्ही झोपता कधी?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी महाराज डोळे मिटायच्या आत आशाबाई पुढं झाली आणि तिनं आ वासून जांभई दिली. तात्यासाहेबांना आली, ओळीतल्या चौघा-पाचजणांना आली, निम्म्या मंडपाला आली. तात्यासाहेबांचा आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा हात वर गेला.

"आता माझ्या अंगात कोणता देव आला, महाराज?"

"बाई, देवाची चेष्टा..." म्हणता म्हणता महाराजांनीच आ वासला. लोक हसले.

आशाबाई हसली नाही. "देव नाय आला. मला झोप आलीय. दिवाळीपासून झोपले नाय मी. चमत्कार बघायला जीप भरून येता, तसं पाळीपाळीनं घरी या की. यांना व्यायाम द्या, येळेवर गोळी द्या, कूस बदला. लई अवघड नाय, मी शिकवते."

साळूबाईची मान खाली गेली. घरी पोचल्यावर तीच म्हणाली, "कूस कशी बदलायची, दाव बरं मला."

लकव्याच्या रोग्याकडं जाताना अंगारा नेऊ नका. दोन तास घेऊन जा. रोग्याजवळ बसा आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईला एवढंच सांगा: जा, झोप जरा.