गावातलं हायस्कूल

गावातली शाळा सातवीला संपायची. पुढं शिकायचं तर शहर गाठायचं, नाहीतर घरची धुणीभांडी कुणाला चुकली आहेत! शिवणकाम करणाऱ्या आईनं काळजावर दगड ठेवून लेकीला शहरात मावशीकडे धाडलं. शेजारणी म्हणाल्या, ‘माय मरो, मावशी जगो म्हणतात ते काही उगाच नाही.’ आई हसली खरी, पण त्या दिवशी तिनं एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

मग तिनं ध्यासच घेतला, गावात हायस्कूल पाहिजे. साहेबांच्या दारी खेटे घालून चपला झिजल्या, आणि यंदा ते उघडलं एकदाचं. दोन खोल्या, एक मास्तर. मास्तर सरळ माणूस. “भाषा, गणित ओढून नेईन मी,” ते म्हणाले, “विज्ञान मात्र देवाच्या हवाली.” आईनं तिकडे कानाडोळा केला. लेक घरी येणार, याच्यापुढे तिला काही ऐकायचंच नव्हतं. बहिणीला फोनवर ही बातमी देऊन, ‘पोरीला मीच सांगेन’ म्हणत ती तिला आणायला निघाली.

मावशी तिला थेट लेकीच्या शाळेत घेऊन गेली. लेक प्रयोगशाळेत होती. “आई, इथं डोळा लाव,” म्हणत तिनं आईला सूक्ष्मदर्शकापाशी ओढलं. खाली कांद्याचा पापुद्रा होता. जन्मभर कांदे चिरलेली आई त्यातले इवले इवले कप्पे बघतच राहिली. लेक मात्र बाईंना प्रश्नावर प्रश्न विचारत होती. पाहुणे आले की आईच्या पाठीमागे लपणारी हीच का ती, असं आईला वाटलं. बाईही तिला गप्प बसवत नव्हत्या.

घरी मावशीनं चहा टाकला. लेक आईला बिलगली.

“मावशी लाड करते गं, पण तुझ्या मशीनचा आवाज नसला की मला झोप येत नाही. हायस्कूल उघडलं की मी लगेच येणार. उघडलं का?”

‘चल’ हा शब्द आईच्या अगदी ओठांवर आला होता.

“कुठलं उघडतंय,” ती म्हणाली. “नुसत्या तारखा देतात मेले.”

मावशी गर्रकन वळली. “अगं ताई, तू तर—”

“चहा उतू जाईल, तिकडे बघ.”

मग लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून त्या साहेबांना पोटभर शिव्या घालत राहिली, आणि आई तिच्या केसांतून हात फिरवत त्यात आपलीही भर घालत राहिली.