गजाला एक तसू

संपत सुताराने तीन महिने खपून शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा सागवानात उभा केला. नियम एकच: खऱ्या दरवाज्यात जिथे एक गज, तिथे लाकडात एक तसू. चोवीस तसूंचा गज, म्हणजे सगळंच चोविसाव्या हिश्शाचं. हे जमलं तर दिगंबरपंत कारभारी नव्या देवळाचा सभामंडप लाकडात करणार आणि काम संपतचं. नाही जमलं तर मंडप दगडात आणि काम पाथरवटांचं.

उंची त्याने स्वतः काढली. वाड्यासमोरच्या मैदानात काठी रोवली, काठी आपल्या सावलीच्या किती पट भरते ते पाहिलं, मग दरवाज्याची सावली मोजून तेवढीच पट केली. रुंदीसाठी मात्र जवळ जायला हवं होतं, आणि गज दिसला की पहारेकरी भाला पुढे करायचे. आत दुरुस्तीला जायचा जयसिंग पाथरवट. बारा वर्षांपासूनचा दोस्त. मापं त्याने आणली.

"माझ्याच गजानं ना?" संपतने विचारलं होतं. जयसिंगचा गज चार तसू लांब होता; दर वेळी जयसिंगच हिशोब बदलून संपतच्या गजात सांगायचा.

"मग काय तुझ्या सासऱ्याच्या?" जयसिंग हसला होता.

पंतांच्या ओसरीवर संपतने लाकडी दरवाज्यावरचं कापड काढलं. पंत बराच वेळ पाहत राहिले.

"संपत, दरवाजा आजारी आहे का रे? फार वाळलाय."

कारकून फिदीफिदी हसले. उंची चोख होती, पण बुरूज, कमान, फळ्या, सगळंच अरुंद. एखादं माप चुकतं माणसाचं. इथे झाडून सगळी एकाच हिशोबाने चुकली होती, सातास सहा. अठ्ठावीस तसूंच्या गजाची मापं त्याने चोविसाची समजून कापली होती.

"पंत, या जयसिंगानं स्वतःच्या गजानं मापं दिली!"

ओसरीच्या कोपऱ्यात उभा असलेला जयसिंग शांतपणे म्हणाला, "त्यानं विचारायला हवं होतं."

"विचारलं होतं, हरामखोरा!"

"असेल विचारलं," पंत म्हणाले. "स्वतःच्या कामाचं माप दुसऱ्याच्या तोंडून घेणारा देवावर छप्पर घालणार? मंडप दगडात."

"आणि हा खोटारडा?"

"खोटं बोलतो, पण दगड सरळ बसवतो. आम्हांला दगडाशी काम."

झाला न्याय! फसला तो मूर्ख ठरला, फसवणारा कामाचा.

बाहेर जयसिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राग धरू नको. माझी दहा माणसं बसून होती. दगड बसेपर्यंत कमानी पेलायला लाकडी साचे लागतील. ते तूच कर."

"तोंडानं मागितलं असतंस, तर अर्धा मंडप दिला असता मी तुला."

"अर्ध्यानं काय होतंय?"

संपतने तो हात झटकला. त्या वर्षी तो बुधवार पेठेत पाळणे आणि खाटांचे खूर करत राहिला. साचे दुसऱ्या कुणी केले. मंडप उभा राहिल्यावर मात्र संपत ओळंबा घेऊन गेला आणि भरल्या देवळात एकेक कमान तपासली. एक तरी बोटभर वाकडी निघावी, एवढंच मागत होता. एकही निघाली नाही.

देवाला हात न जोडताच तो परत फिरला.